वादखर्च, ठोक रकमेचा

दिवाणी दाव्याचा निकाल देताना हरलेल्या पक्षकाराने जिंकलेल्या पक्षकाराच्या खर्चापोटी किती पैसे द्यावेत, हे बाबवार हिशेब न करता न्यायालय जेव्हा एका निश्चित रकमेने ठरवून देते, तेव्हा त्या रकमेस ठोक वादखर्च असे म्हणतात. वादखर्च या संज्ञेत न्यायालय शुल्क, वकिलाची फी, साक्षीदारांचे भत्ते, तज्ञांचे मानधन, तसेच कागदपत्रांच्या नकला, भाषांतरे व समन्सची बजावणी यांवर झालेला खर्च यांचा समावेश होतो. वादखर्च हा दंड नव्हे आणि नुकसानभरपाईही नव्हे. दंड सरकारजमा होतो आणि नुकसानभरपाई मूळ हक्काच्या भंगाबद्दल मिळते. वादखर्च ही केवळ न्याय मिळविण्यासाठी जो पैसा खर्ची पडला त्याची, आणि तीही बहुधा अंशतः, परतफेड होय.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीच्या मुळाशी न्यायाविषयीच्या अविश्वासापेक्षा खर्चाची धास्ती अधिक आहे. दोन लाख रुपयांचे येणे वसूल करण्यासाठी ज्याला दीड लाख रुपये खर्च करावे लागतात आणि त्यांपैकी काही हजारच परत मिळतात, त्याचा विजय कागदावरच राहतो. उलट, हरल्यास प्रतिपक्षाचा अवाढव्य खर्च अंगावर येईल या भीतीने खरा हक्क असलेला मनुष्यही दावा लावण्यास धजत नाही. वादखर्चाचे प्रमाण फार कमी ठेवले, तर खोटे दावे व खोटे बचाव यांना मोकळीक मिळते. फार वाढविले, तर न्यायालयाचे दार श्रीमंतांपुरतेच उघडे राहते. रक्कम ठरविण्याच्या पद्धतीला महत्त्व आहे, ते या दुहेरी धोक्यामुळे.

रक्कम ठरविण्याच्या प्रमुख पद्धती दोन. पहिलीत न्यायालय फक्त ‘खर्च अमुक पक्षाने द्यावा’ एवढाच आदेश देते आणि प्रत्यक्ष आकडा नंतर एक स्वतंत्र अधिकारी ठरवितो. जिंकलेला पक्ष खर्चाचे तपशीलवार देयक सादर करतो. प्रत्येक पत्र, प्रत्येक भेट व प्रत्येक मसुदा यांची त्यात नोंद असते. प्रतिपक्ष एकेका बाबीवर हरकत घेतो, अधिकारी ती बाब मान्य करतो, कमी करतो किंवा वगळतो, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध पुन्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते. इंग्लंडमध्ये या क्रियेस दीर्घकाळ ‘टॅक्सेशन’ म्हणत. त्या शब्दाचा कराशी काही संबंध नाही. देयक तपासून योग्य रक्कम आकारणे, एवढाच त्याचा अर्थ. ही पद्धत काटेकोर खरी. पण मोठ्या व्यापारी दाव्यात ती वर्षभर चालू शकते आणि तिच्यासाठी पुन्हा वकील नेमावे लागत असल्याने खर्चाविषयीचा हा दुसरा दावाच होऊन बसतो. ठोक रकमेची दुसरी पद्धत यावरील उपाय म्हणून रूढ झाली.

इतिहास : इंग्लिश विधीत वादीला खर्च मिळण्याचा हक्क १२७८ च्या ग्लॉस्टरच्या अधिनियमाने प्रस्थापित झाला. जिंकलेल्या प्रतिवादीला तसाच हक्क मिळण्यास मात्र सतराव्या शतकाचा आरंभ उजाडावा लागला. चॅन्सरी न्यायालय अधिनियमांवर अवलंबून न राहता आपल्या विवेकाधिकाराने खर्चाचे आदेश देई. १८७३–७५ च्या न्यायव्यवस्थाविषयक अधिनियमांनी दोन्ही प्रकारची न्यायालये एकत्र आली आणि खर्च हा न्यायालयाच्या विवेकाधीन विषय आहे, परंतु सर्वसाधारणपणे तो निकालामागोमाग जातो, म्हणजे हरलेल्याने द्यावयाचा असतो, हे सूत्र स्थिर झाले. ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक देशांनी ते उचलले. अमेरिकेची संयुक्त संस्थाने याला महत्त्वाचा अपवाद होत. तेथे प्रत्येक पक्षाने आपल्या वकिलाची फी स्वतःच सोसावी, असा सामान्य नियम असून १९७५ मध्ये अल्येस्का पाइपलाइन प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पुनरुच्चार केला. जर्मनीत हरलेला पक्षच खर्च देतो. परंतु वादविषयाच्या मूल्यावरून वकिलाची फी काढण्याचे कोष्टक विधीनेच दिलेले असल्याने रक्कम किती असावी याविषयी तेथे फारसा वाद उरत नाही. ठोक रकमेचा प्रश्न म्हणूनच मुख्यतः इंग्लिश परंपरेतील न्यायालयांचा आहे.

तपशीलवार आकारणीऐवजी ठोक रक्कम देण्याचा अधिकार इंग्लंडच्या उच्च न्यायालयाच्या जुन्या नियमांत होताच, पण तो किरकोळ व सोप्या प्रकरणांपुरता आहे, असा समज होता. अपील न्यायालयाने १९८६ मध्ये लिअरी वि. लिअरी या घटस्फोटानंतरच्या आर्थिक तरतुदीच्या प्रकरणात तो दूर केला. लांबलेल्या वादातून उद्‌भवणारा खर्च, विलंब व मनस्ताप टाळणे हा या अधिकाराचा हेतू आहे. तेव्हा गुंतागुंतीच्या प्रकरणांतच त्याची गरज अधिक, असे न्यायालयाने म्हटले. रक्कम ठरविताना न्यायाधीशाने आकारणी अधिकाऱ्याप्रमाणे बाबवार तपासणी करण्याची आवश्यकता नाही. तसे करावयाचे झाल्यास ठोक रकमेचा उपयोगच काय, हा त्यामागील युक्तिवाद. मात्र आकडा हवेतून काढता कामा नये. अधिकार न्यायिक पद्धतीनेच वापरला पाहिजे, हे बंधन कायम राहिले. पुढे ऑस्ट्रेलियातील न्यायालयांनी याच निर्णयाचा आधार घेतला.

इंग्लंडमध्ये १९९९ साली अंमलात आलेल्या दिवाणी प्रक्रिया नियमांनी संक्षिप्त आकारणीची पद्धत आणली. सुनावणी एका दिवसाच्या आत आटोपली, तर न्यायाधीशाने सामान्यतः तेथल्या तेथे आकडा ठरवावयाचा असतो आणि त्यासाठी दोन्ही पक्षांनी खर्चाचे पत्रक सुनावणीपूर्वी किमान २४ तास दाखल करावयाचे असते. मोठ्या प्रकरणांत तपशीलवार आकारणी राहिली. परंतु तिचा निकाल लागेपर्यंत विजेत्यास काही रक्कम आगाऊ देण्याचा आदेश होतो. ऑक्टोबर २०२३ पासून एक लाख पौंडांपर्यंतच्या बहुतेक दाव्यांना कोष्टकानुसार निश्चित खर्च लागू झाल्यामुळे तेथे न्यायाधीशाच्या अंदाजाचे क्षेत्र आणखी आकसले आहे.

अधिकार केव्हा वापरावा : ठोक रक्कम द्यावी की आकारणीचा मार्ग धरावा, हा पहिला प्रश्न. या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाची प्रगती लक्षणीय आहे. १९९५ मध्ये बीच पेट्रोलियम प्रकरणात त्या न्यायालयाने ठोक रकमेच्या आदेशाची कसोटी सांगितली : रक्कम ठरविण्याची रीत तर्कशुद्ध, न्याय्य व वाजवी असली पाहिजे आणि उपलब्ध माहितीवरून असा आकडा काढता येईल याविषयी न्यायाधीशाची खात्री पटली पाहिजे. २००२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने हॅरिसन वि. शिप प्रकरणात आणखी एक व्यावहारिक कारण जोडले. ज्याने खर्च द्यावयाचा त्याची ऐपतच तुटपुंजी असेल, तर विजेत्याला लांबलचक आकारणीत आणखी पैसा घालावयास लावणे व्यर्थ होय. अशा वेळी ठोक रक्कम उचित ठरते. देणेकऱ्याच्या गरिबीमुळे रक्कम कमी करावी, असा याचा अर्थ नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. गरिबी हे पद्धत निवडण्याचे कारण आहे, आकडा घटविण्याचे नव्हे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये फेडरल न्यायालयाने काढलेल्या कार्यपद्धतिविषयक सूचनेने हा क्रम पुरता उलटविला. व्यवहार्य व उचित असेल तेथे ठोक रक्कमच द्यावी, तपशीलवार आकारणी अपवादभूत असावी, असे न्यायालयाने जाहीर केले. त्यासाठी विजेत्या पक्षाच्या वकिलाने शपथपत्रावर खर्चाचा गोषवारा द्यावयाचा असतो : काम कोणत्या टप्प्यांत झाले, कोणकोणत्या दर्जाच्या वकिलांनी ते केले, त्यांचे दर काय होते, प्रत्यक्ष आकारलेली फी किती आणि त्यांपैकी वसूल होण्याजोगा भाग किती. प्रतिपक्ष थोडक्या पानांत उत्तर देतो. दोन्ही कागद पाहून न्यायाधीश किंवा न्यायालयाचा निबंधक आकडा ठरवितो आणि तोंडी सुनावणीची गरज बहुधा पडत नाही.

आकडा कसा काढतात : येथे दोन मूलभूत मर्यादा पाळाव्या लागतात. पहिली म्हणजे विजेत्याने आपल्या वकिलास जेवढे देणे आहे त्याहून अधिक रक्कम त्यास प्रतिपक्षाकडून मिळू शकत नाही. वादखर्च हे कमाईचे साधन नव्हे. दुसरी मर्यादा मापाची आहे. सामान्य आदेश ‘पक्षकार-पक्षकार’ या मापाने होतो, म्हणजे दावा चालविण्यासाठी जो खर्च आवश्यक व वाजवी होता तेवढाच मिळतो; अशील आपल्या समाधानासाठी जे अधिकचे काम करवून घेतो ते त्याने स्वतःच सोसावयाचे असते. प्रतिपक्षाचे वर्तन निंद्य असल्यास, किंवा त्याने तडजोडीचा वाजवी देकार अकारण धुडकावला असल्यास अधिक उदार माप लावतात. त्यात उघड अवाजवी बाबी सोडून जवळजवळ सर्व खर्च मिळतो. देकाराच्या बाबतीत इंग्लंडमधील १९७५ चा कॅल्डरबँक निर्णय पायाभूत मानला जातो. ‘खर्चाचा प्रश्न सोडून अन्यत्र हे पत्र दाखविता येणार नाही’ अशा अटीवर लिहिलेले तडजोडीचे पत्र निकालानंतर न्यायाधीशापुढे ठेवता येते आणि देकार नाकारणाऱ्यास निकालात त्याहून अधिक काही मिळाले नसेल, तर त्या तारखेपासूनच्या खर्चाचा भार त्याच्यावर पडू शकतो.

गणिताची रीत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. विजेत्याचा एकूण खर्च ४० लाख रु. असून त्यात वकिलांची फी ३४ लाख व इतर खर्च ६ लाख आहे, असे समजू. फीपैकी ३ लाख रुपये त्यानेच चुकीने केलेल्या दुरुस्त्यांवर व एका फेटाळल्या गेलेल्या अंतरिम अर्जावर गेले. ते वगळल्यास ३१ लाख उरतात. जेथे एक ज्येष्ठ वकील पुरला असता तेथे दोन उभे केल्याबद्दल आणखी ४ लाख वजा केल्यावर २७ लाख होतात. अशा प्रकारच्या दाव्यात आकारणी झाली असती तर फीपैकी साधारण ६५ टक्के रक्कम मान्य झाली असती, असे खर्चतज्ञाच्या शपथपत्रावरून दिसत असेल, तर फीचा भाग १७ लाख ५५ हजार येतो. इतर खर्चापैकी ज्या तज्ञाला साक्षीस बोलावलेच नाही त्याचे १ लाख वगळून ५ लाख धरले, तर बेरीज २२ लाख ५५ हजार होते. बाबवार तपासणी न झाल्यामुळे अंदाज चुकण्याचा जो संभव राहतो, त्यासाठी समजा १० टक्के सूट दिली, म्हणजे २० लाख २९ हजार ५०० रु. उरतात आणि न्यायाधीश २० लाखांचा आदेश देऊ शकेल.

या उदाहरणातील शेवटची पायरी सर्वांत वादग्रस्त आहे. अनिश्चिततेबद्दल सूट देण्याची प्रथा व्यापक असली, तरी तिचे ठराविक प्रमाण नाही आणि ती आपोआप देण्याची गोष्टही नाही. खर्चतज्ञाने ६५ टक्के हा आकडा काढताना तीच अनिश्चितता जमेस धरली असेल, तर पुन्हा सूट देणे म्हणजे विजेत्याच्या खिशातून एकच गोष्ट दोनदा काढणे होय. सूक्ष्म हिशेब नसल्याचा फायदा एकाच बाजूला का मिळावा, असा आक्षेपही घेतला जातो. हा आक्षेप निराधार नाही. परंतु ठोक आदेशामुळे विजेत्यास पैसे लवकर मिळतात व आकारणीचा खर्च वाचतो, हे लक्षात घेता माफक सूट अन्यायाची म्हणता येत नाही.

अंशतः यशाचा प्रश्नही याच टप्प्यावर येतो. दाव्यात पाच मुद्दे असून विजेता तीनच मुद्द्यांवर जिंकला असेल, तर मुद्द्यांची संख्या मोजून तीनपंचमांश खर्च देणे योग्य नव्हे. हरलेल्या मुद्द्यांनी न्यायालयाचा किती वेळ घेतला, ते घेणे वाजवी होते काय, हे न्यायाधीश पाहतो. दाव्याची सुनावणी त्यानेच घेतलेली असल्याने कोणत्या साक्षीदाराच्या उलटतपासणीत किती दिवस व्यर्थ गेले हे त्याला माहीत असते. आकारणी अधिकाऱ्यापाशी नसलेली ही माहिती ठोक पद्धतीचे खरे बळ होय. सुनावणी घेणारा न्यायाधीश निवृत्त झाला किंवा निकाल पहिल्या तारखेलाच संमतीने लागला, तर हे बळ राहत नाही.

कॅनडाची रीत : कॅनडाच्या फेडरल न्यायालयात खर्चाचे दरपत्रक नियमांना जोडलेले आहे. त्यात पाच स्तंभ असून वेगळा आदेश नसल्यास मधल्या, म्हणजे तिसऱ्या स्तंभाप्रमाणे आकारणी होते. मोठ्या दाव्यात दरपत्रकाने येणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने नगण्य ठरते. म्हणून नियम ४०० अन्वये न्यायालयास आकारणीऐवजी ठोक रक्कम देण्याचा अधिकार दिला आहे. निकाल, मागणीची रक्कम, प्रकरणाचे महत्त्व व गुंतागुंत, लेखी तडजोडीचे देकार, कामाचे प्रमाण, वाद लांबविणारे किंवा आटोपता घेणारे वर्तन अशा अनेक बाबी त्या नियमात नमूद केल्या आहेत. दरपत्रकाहून अधिक रक्कम हवी असेल तर कारण दाखविण्याचा भार मागणाऱ्यावर असतो. खर्च दरपत्रकापेक्षा पुष्कळ जास्त झाला, एवढेच कारण पुरत नाही.

पॉलिमरविषयक पेटंटाच्या डाऊ केमिकल व नोव्हा केमिकल्स यांच्यातील वादात २०१७ मध्ये कॅनडाच्या फेडरल अपील न्यायालयाने दिलेला निर्णय या क्षेत्रात मार्गदर्शक ठरला आहे. खालच्या न्यायालयाने विजेत्या डाऊ कंपनीस सुमारे ६५ लाख डॉलर ठोक खर्च दिला होता. त्यात फीचा भाग प्रत्यक्ष फीच्या ३० टक्के एवढा धरला होता. अपील न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. व्यवहारकुशल व्यापारी पक्षांमधील वादांत ठोक रक्कम सामान्यतः प्रत्यक्ष फीच्या २५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असते, असे न्यायालयाने नोंदविले. अर्थात ही पाहणीतून दिसलेली व्याप्ती आहे, कोष्टक नव्हे. टक्केवारी निवडताना नियमातील घटकांशी तिचा संबंध जोडून दाखवावा लागतो. नाहीतर ठोक रक्कम म्हणजे मनात आलेला आकडा, असा समज होतो.

पुराव्याचा प्रश्नही त्या निर्णयात चर्चिला गेला. वकिलाच्या देयकात अशिलाशी झालेल्या सल्लामसलतीचा मजकूर असतो आणि तो गोपनीय असतो. देयके जशीच्या तशी दाखविल्यास अपिलातले डावपेच प्रतिपक्षाला कळतात. नुसती बेरीज दाखविली तर फी वाजवी होती की नाही हे कसे ठरवावे? कामाचे स्वरूप पुरेसे कळेल एवढे वर्णन आणि अशिलाने ती देयके खरोखर मान्य करून पैसे दिले याचा पुरावा, असा मध्यम मार्ग न्यायालये स्वीकारतात.

ऑन्टॅरिओ प्रांताच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये बाऊचर प्रकरणात वेगळ्या अंगावर भर दिला. तास गुणिले दर एवढ्यावर खर्च ठरविणे यांत्रिक होय. हरलेल्या पक्षाने अशा स्वरूपाच्या कामात किती देणे न्याय्य व वाजवी आहे आणि तशी त्याने वाजवीपणे अपेक्षा केली असती काय, हे पाहिले पाहिजे. अन्यथा खर्चाच्या भीतीने लोक न्यायालयापासून दूर राहतील, असा इशारा त्या निर्णयात आहे. विजेत्याने केलेला खर्च आणि हरलेल्याने द्यावयाचा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व येथे फार स्पष्टपणे मांडले गेले. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर नाकापेक्षा मोती जड होऊ नये, एवढाच त्याचा आशय.

भारतातील स्थिती : दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ३५ अन्वये वादखर्च हा न्यायालयाच्या विवेकाधीन आहे आणि तो निकालामागोमाग जाणार नसेल, तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा शहरांतील उच्च न्यायालयांच्या मूळ शाखेत इंग्लिश धर्तीची आकारणी आली आणि मुंबईत त्यासाठी टॅक्सिंग मास्टर हा अधिकारी असे. जिल्हा व तालुका न्यायालयांत मात्र आकारणीला वेगळेच रूप आले. हुकूमनाम्याच्या तळाशी खर्चाचा तक्ता असतो. त्यात न्यायालय शुल्क, बजावणी खर्च आणि दाव्याच्या मूल्यावरून नियमानुसार निघणारी वकील फी कारकून मांडतो. ही नियमांतील फी आणि पक्षकाराने प्रत्यक्ष दिलेली फी यांत बहुधा मोठे अंतर असते. त्यातच ‘खर्च ज्याचा त्याने सोसावा’ हे वाक्य निकालपत्राच्या शेवटी घालण्याची सवय सर्वत्र पडली. सेलम अधिवक्ता संघाच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेविषयी स्पष्ट नापसंती व्यक्त केली. खर्च नाममात्र नसावा, पक्षकाराचा वेळ, प्रवास, मुक्काम व वकील फी धरून तो वास्तव व वाजवी असावा, असे सांगितले आणि उच्च न्यायालयांनी त्या दृष्टीने नियम करावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली.

खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाईदाखल खर्च देण्याचे कलम ३५अ हे १९२२ साली संहितेत आले. त्याखालील मर्यादा मूळ १,००० रु. होती, १९७६ च्या दुरुस्तीने ती ३,००० रु. झाली. त्याच दुरुस्तीने आलेले कलम ३५ब हे तारखा लांबविणाऱ्यावर खर्च बसविण्याचे आहे. इतकी वर्षे लोटल्यावर ३,००० रुपयांची मर्यादा हास्यास्पद ठरते, हे सांगावयास नको.

या तुटपुंजेपणावर उतारा म्हणून काही न्यायालयांनी थेट मोठ्या ठोक रकमा बसविण्यास सुरुवात केली. रामरामेश्वरी देवी प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षानुवर्षे वाद रेंगाळत ठेवणाऱ्या पक्षावर २ लाख रु. खर्च बसविला आणि गैरकृत्य करणाऱ्यास विलंबापासून लाभ होता कामा नये, असे बजावले. पण त्याच वर्षी संजीवकुमार जैन प्रकरणात या मार्गाची सीमाही त्याच न्यायालयाने आखून दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने एका अपिलात दोन्ही बाजूंच्या फीची माहिती मागवून ४५ लाख २८ हजार रु. खर्च मंजूर केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि नियमांनुसार होणारा खर्च व त्यावर ३,००० रु. एवढ्यावर आदेश मर्यादित केला. कलम ३५ मधील विवेकाधिकार ‘विहित शर्ती व मर्यादा’ यांना अधीन आहे. नियमांत नसलेला प्रत्यक्ष खर्च न्यायालयास आपल्या मनाने देता येत नाही, असे कारण दिले गेले. प्रत्यक्ष खर्च द्यावयाचा म्हटले तरी तो वास्तव असावा. पक्षकाराने चैन म्हणून नेमलेल्या महागड्या वकिलांच्या फीचे ओझे प्रतिपक्षाने का वाहावे, असा प्रश्नही न्यायालयाने उपस्थित केला. या निर्णयाने अधिकाराचा उगम नियमांत आहे हे दाखविले, हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे सुधारणेचा भार विधिमंडळावर व नियम करणाऱ्या उच्च न्यायालयांवर पडला. विधी आयोगाने २०१२ मध्ये दिवाणी वादखर्चावर २४० वा अहवाल सादर केला, तो याच पार्श्वभूमीवर.

खरा बदल झाला तो वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ याने. या अधिनियमाने वाणिज्यिक वादांपुरते कलम ३५ नव्याने लिहिले गेले. हरलेल्याने खर्च द्यावा हा सामान्य नियम त्यात शब्दांत आला. पक्षांचे वर्तन, अंशतः यश, निरर्थक प्रतिदावा, तडजोडीचा नाकारलेला वाजवी देकार यांचा विचार करण्यास सांगितले गेले. आदेशाचे जे प्रकार तेथे दिले आहेत, त्यांत प्रतिपक्षाच्या खर्चाचा ठराविक हिस्सा, अमुक तारखेपासूनचा किंवा तारखेपर्यंतचा खर्च, एखाद्या टप्प्याचा खर्च यांबरोबर ‘नमूद केलेली रक्कम’ हाही एक स्वतंत्र प्रकार आहे. ठोक वादखर्चाला भारतीय विधीत मिळालेला हा स्पष्ट आधार होय. या वादांपुरती कलम ३५अ मधील ३,००० रुपयांची मर्यादाही काढून टाकण्यात आली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने लवाद अधिनियम, १९९६ मध्ये कलम ३१अ घालून लवादांनाही असाच अधिकार दिला गेला. जमिनीची वाटणी, भाडे, वहिवाट, उसने पैसे अशा सामान्य माणसाच्या दाव्यांना मात्र जुनेच कलम ३५ लागू आहे. ज्यांना खर्चाची परतफेड सर्वाधिक हवी असते, त्यांच्यापर्यंत ही सुधारणा पोहोचलेली नाही.

अपील व वसुली : ठोक रकमेचा आदेश विवेकाधिकारातला असल्याने अपील न्यायालय त्यात सहसा हात घालत नाही. चुकीचे तत्त्व लावले, संबद्ध बाब दुर्लक्षिली, असंबद्ध बाब विचारात घेतली किंवा दुसऱ्या पक्षाला आकड्यावर बोलण्याची संधीच दिली नाही, असे दाखविता आले तरच हस्तक्षेप होतो. आपण वेगळी रक्कम दिली असती, हे कारण पुरत नाही. म्हणूनच कारणे थोडक्यात का होईना, पण आदेशात असणे आवश्यक मानले जाते. अनेक प्रतिवादी हरले असल्यास रक्कम एकेकट्याने किती द्यावी की सर्वांनी मिळून द्यावी, ती कोणत्या तारखेपर्यंत द्यावी आणि त्यानंतर व्याज किती, हेही आदेशात लिहावे लागते. भारतात खर्चाची रक्कम हुकूमनाम्याचा भाग असल्याने तिची वसुली दरखास्तीच्या मार्गाने, मूळ रकमेप्रमाणेच, जप्ती किंवा विक्री करून होते.